जाऊ का, असं विचारलंत म्हणून

तुमचं पत्र नीट वाचलं. फटीग क्रॅक ग्रोथमध्ये, म्हणजे वारंवार भार पडून धातूतला तडा कसा वाढतो या विषयात, पीएचडी, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात काही वर्षं शिकवून झालेली, आणि आता अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठाची असिस्टंट प्रोफेसरची टेन्यूर-ट्रॅक ऑफर (काही वर्षांनी काम तपासून कायम करतात ती) हातात. बायको बँकेत, मुलगी सातवीत. तुम्ही विचारलंय की जावं का, आपल्या विषयाचं खरं काम तिथे करता येतं का, मुलीच्या शाळेचं काय होतं आणि एकटेपणा किती जाणवतो.

मीही फ्रॅक्चर मेकॅनिक्स, म्हणजे वस्तू तुटण्याचं शास्त्र, घेऊनच, जवळपास तुमच्याच वयात, नवरा आणि सातवीतला मुलगा यांच्यासह इथे आले. आज फुल प्रोफेसर आहे. तरी तुमच्या प्रश्नाचं "हो" किंवा "नाही" असं उत्तर देता येईना, आणि का येईना याचा विचार करताना बरंच काही वर आलं. त्यामुळे हे लांबणार आहे.

व्हिसाचे फॉर्म, विमा, बँक खातं, घरभाडं हे सगळं विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस तुम्हाला सांगेल, ते मी सांगत बसत नाही. फक्त एक गोष्ट आत्ताच बघा. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर 1 लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. तुमच्या बाबतीत ते लागू असेल तर विद्यापीठ ते भरणार आहे का, हे सही करण्याआधी लेखी घ्या. फोनवरच्या "काळजी करू नका"वर जाऊ नका.

आता मुद्द्यावर येते. आपला विषय कुठे वाढला ते आठवून बघा. ग्रिफिथने 1921 मध्ये काचेच्या तंतूंवरचं, या विषयाचा पाया घालणारं काम प्रसिद्ध केलं तेव्हा तो इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन केंद्रात होता. अर्विनने त्याला इंजिनिअरच्या हातात देता येईल असं रूप दिलं, ते वॉशिंग्टनच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत. 1954 मध्ये दोन कॉमेट प्रवासी जेट विमानं हवेत फुटली, एक जानेवारीत एल्बाजवळ, दुसरं एप्रिलमध्ये नेपल्सजवळ, आणि फटीगचा अभ्यास सगळ्या विमान उद्योगाच्या गळ्याशी आला. 1969 च्या डिसेंबरात जेमतेम शंभरेक तास उडालेल्या एफ-111 या लढाऊ विमानाचा पंख तुटला. घडीव भागात आधीपासून असलेला दोष तपासणीतून निसटला होता. त्यानंतर अमेरिकेच्या हवाई दलाने "क्रॅक आहेच असं धरून चाला" ही डॅमेज टॉलरन्सची पद्धत सक्तीची केली. विमान, जहाज, अणुभट्टी, पूल, गॅसची पाइपलाइन. जिथे तुटलेला भाग असतो तिथे सरकार, सैन्य किंवा कोर्टकचेरी असते. आणि तिथल्या दारावर पासपोर्ट विचारला जातो.

भारतात असताना ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती, कारण मी दाराच्या आतल्या बाजूला होते. आमच्या लॅबमध्ये एका वीजकेंद्राच्या टर्बाइनचं शेवटच्या टप्प्यातलं तुटलेलं ब्लेड आलं होतं. सरांनी ते टेबलावर ठेवलं आणि पहिली गोष्ट सांगितली की दोन तुकडे एकमेकांना लावून बघायचे नाहीत. पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे घासले जातात आणि पुरावा जातो. फडक्याने पुसायचं नाही, बोट लावायचं नाही, काम संपलं की डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा न लागू देणाऱ्या भांड्यात, ठेवायचं. मग भिंगाखाली दिसलं. मुळाच्या कोपऱ्यात गंजाचा एक खड्डा, त्याच्याभोवती एकाबाहेर एक सरकत गेलेल्या बीच मार्क्सच्या, म्हणजे तडा थांबत-वाढत गेल्याच्या खुणांच्या, कमानी, सुरुवातीला दाट, पुढे विरळ, आणि त्यानंतर एकदम खरबरीत, चमकणारा भाग, जिथे उरलेल्या धातूने हार मानली. किती वेळा मशीन बंद-चालू झालं तेही त्या कमानींवरून अंदाजाने वाचता येत होतं. मी त्या दिवशी या विषयाची झाले.

इथे आल्यावर असा खरा भाग हातात यायला कित्येक वर्षं गेली. कारण साधं आहे. निर्यात नियंत्रणाचे जे कायदे आहेत त्यांत एक कलम असं की नियंत्रित तांत्रिक माहिती अमेरिकेत बसलेल्या परदेशी माणसाला दाखवली तरी ती त्याच्या देशाला निर्यात केली असं धरतात. ग्रीन कार्ड असलेल्याला हे लागू नाही, एच-वन-बीवाल्याला आहे. खुलेपणाने प्रसिद्ध होणाऱ्या मूलभूत संशोधनाला सूट आहे, म्हणून वर्गात शिकवणं, पेपर लिहिणं यात काही अडत नाही. अडतं ते नेमकं आपल्याला हवं असतं तिथे: कोणत्या इंजिनाच्या कोणत्या डिस्कमध्ये, कोणत्या लोड स्पेक्ट्रमखाली (कमीजास्त भारांच्या कोणत्या मालिकेखाली), कुठून क्रॅक निघाला.

एक प्रसंग सांगते. एका कंत्राटी कंपनीबरोबर आमचा छोटा प्रकल्प होता. विश्लेषण माझं, गणित माझं, प्रपोजलही मीच लिहिलेलं. तुटलेला भाग बघायला आम्ही गेलो, मी आणि माझा पीएचडीचा विद्यार्थी. तो इथलाच नागरिक. रिसेप्शनवर त्याला बिल्ला मिळाला, मला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं. कोणी उद्धटपणे वागलं नाही, उलट दोनदा येऊन कॉफी विचारली. दोन-अडीच तासांनी तो बाहेर आला. चेहऱ्यावरूनच कळत होतं की त्याने काहीतरी विलक्षण पाहिलंय. गाडीत मी विचारलं, ओरिजिन, म्हणजे क्रॅक सुरू झाला ती जागा, कुठे आहे? तो म्हणाला, "सॉरी प्रोफेसर, आय कान्ट." त्याचं बरोबरच होतं, त्याने तशी सही केली होती. परतीच्या रस्त्यावर आम्ही हवामानाबद्दल बोललो. पुढे त्याने पाठवलेल्या आकड्यांवर मी मॉडेल केलं. मापं काढून टाकलेली, लोड एका संदर्भमूल्याने भागलेले. पेपर चांगला झाला, त्याला उद्धरणंही चांगली मिळाली. तो भाग कसा दिसत होता हे मला आजही माहीत नाही.

म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं: इथे येताना तुम्ही पगार वाढवून घेताय, लॅब मोठी मिळवताय, पण आपल्या विषयाच्या आतून बाहेर जाताय. निदान पहिली दहा-पंधरा वर्षं. बीएआरसी, कल्पक्कमचं अणुसंशोधन केंद्र, बंगळुरूची विमानसंशोधनाची एनएएल, हैदराबादचं संरक्षण खात्याचं डीएमआरएल यांच्याशी आज तुमचा संबंध असेल किंवा उद्या येऊ शकत असेल, तर त्याची किंमत आधी नीट मोजा. मी मोजली नव्हती असं नाही. मोजायला लागतं हेच तेव्हा कुणी बोलत नसे.

पैशाचंही याच दाराशी येऊन थांबतं. तरुण प्राध्यापकांसाठी नौदलाच्या संशोधन कार्यालयाचा यंग इन्व्हेस्टिगेटर प्रोग्रॅम आहे, हवाई दलाचाही आहे. आपल्या विषयासाठी याहून योग्य दुसरं काही नाही. दोन्हींना नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं, आणि दोन्हींना पीएचडीनंतरच्या वर्षांची मर्यादा आहे. भारतात जन्मलेल्याचं ग्रीन कार्ड येईपर्यंत ती मर्यादा ओलांडून जाते. उरतं ते एनएसएफ, म्हणजे इथलं सरकारी विज्ञान प्रतिष्ठान. त्यांचा करिअर अवॉर्ड नागरिकत्व विचारत नाही, पण अर्ज फक्त तीनदा करता येतो, आणि त्यांना मूलभूत, नवं काहीतरी हवं असतं. "या मिश्रधातूचा थ्रेशोल्ड मोजतो" (म्हणजे ज्याच्या खाली क्रॅक जवळपास वाढतच नाही ती पातळी) एवढ्यावर ते पैसे देत नाहीत. प्रपोजल नाकारलं जाणं हा इथला रोजचा अनुभव आहे. मी तेव्हा पॉल पॅरिसचं उदाहरण मनाशी धरून राहिले. क्रॅकची वाढ आणि ताणतीव्रतेचा (क्रॅकच्या टोकाशी एकवटणाऱ्या ताणाचा) पल्ला यांचा जो नियम आज पहिल्याच धड्यात शिकवतो, तो मांडणारा त्याचा पेपर मोठ्या जर्नल्सनी परत पाठवला होता, आणि 1961 मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका साध्या अंकात छापला गेला. हे आठवलं की रिव्ह्यूअरचे शेरे वाचायला बळ यायचं.

आणि ऑफर लेटरवरचा पगार नऊ महिन्यांचा असतो हे बघितलंत ना? उन्हाळ्याचे तीन महिने तुम्ही ग्रँटमधून स्वतःचा पगार काढायचा. पीएचडीचे विद्यार्थीही तुम्हीच पोसायचे, त्यांचं विद्यावेतन, फी, विमा सगळं. भारतात विद्यार्थी गेट किंवा सीएसआयआरची फेलोशिप घेऊन येतो आणि गाइडची निवड करतो. इथे पैसे नसले तर विद्यार्थीच नाही, आणि विद्यार्थी नसला तर लॅब म्हणजे बंद खोली.

आता वेळेचं गणित, कारण हेच मला सगळ्यात जास्त लागलं. टेन्यूरची फाइल सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला जाते. म्हणजे हातात पाच वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष-दीड वर्ष लॅब उभी करण्यात जातं. धातूवर पुन्हा पुन्हा भार टाकणारं सर्वो-हायड्रॉलिक मशीन काही टेबलावर ठेवायची वस्तू नाही. त्याच्या पॉवर पॅकला थंड पाणी लागतं, थ्री-फेज वीज लागते, जमीन तो भार आणि ती थरथर झेलणारी लागते. माझ्या खोलीला चिलरची पाइपलाइन जोडायला कोण खर्च करणार यावर विभाग आणि इमारत खातं यांच्यात एक अख्खं सत्र पत्रव्यवहार चालला, आणि क्रेटमधलं मशीन लोडिंग डॉकवर पडून राहिलं. स्टार्टअपचे पैसे, म्हणजे लॅब उभी करायला विद्यापीठ देतं ते, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांत खर्च करायचे असतात, हे घड्याळ मात्र त्या काळात थांबत नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष प्रयोग. तुम्हाला हे माहीत आहे, पण टेन्यूरच्या चौकटीत बसवून बघा. थ्रेशोल्डच्या जवळ क्रॅक दर सायकलला, म्हणजे भार एकदा चढून उतरला की, एक मीटरचा हजार कोटीवा भाग एवढाच सरकतो, म्हणजे एक मिलिमीटर वाढायला 1 कोटी सायकल. 20 हर्ट्झवर चालवलं तरी जवळपास सहा दिवस, आणि हे मध्ये काही बिघडलं नाही तर. माझा विषय खाऱ्या पाण्यातला कॉरोजन फटीग. तिथे फ्रिक्वेन्सी वाढवता येत नाही, कारण गंजाला प्रत्येक सायकलमध्ये त्याचा वेळ मिळाला नाही तर आपण जे मोजतोय ते समुद्रात घडणारं नाहीच. 0.1 हर्ट्झवर 10 लाख सायकल म्हणजे 115 दिवस. एका स्पेसिमेनला, म्हणजे चाचणीच्या एका तुकड्याला. विखुरलेपणा बघायला निदान चार-पाच स्पेसिमेन हवेत, आणि मशीन एकच. शनिवारी रात्री क्रॅकचं उघडणं मोजणाऱ्या क्लिप गेजची वायर सुटली म्हणून सोमवारी सगळं पुन्हा सुरू. तिसऱ्या वर्षाच्या आढाव्यात समितीने मला विचारलं की तुमचे पेपर इतके कमी का. मी त्यांना वरचंच गणित सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि अहवालात लिहिलं की प्रकाशनाचा वेग वाढायला हवा.

मग मी विषय बदलला. फेज-फील्ड पद्धतीने क्रॅकचं संगणकीय मॉडेल करायला लागले. सुंदर गणित आहे, फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांनी 1998 मध्ये ग्रिफिथच्याच कल्पनेला ऊर्जेच्या न्यूनीकरणाचं रूप दिलं, त्यातून पुढे सगळं उभं राहिलं. क्रॅक कुठे वळेल, कुठे फुटून दोन होतील, हे आधी सांगावं लागत नाही, ते उत्तरातूनच येतं. विद्यार्थ्यांना आवडतं, पेपर लवकर होतात, ग्रँट मिळते. मला त्याच्यावरच टेन्यूर मिळाली, त्यामुळे त्याला कमी लेखणं बरोबर नाही. पण मी रात्री लॅबमध्ये जाऊन टाकीतल्या पाण्याखाली इंचाच्या अंशाने उघडणारी ती फट बघायची, ते गेलं. माझं मशीन आता एक तरुण सहकारी पॉलिमरच्या चाचण्यांसाठी वापरतो. चांगलं वापरतो. त्या खोलीवरून जाताना पंपाचा आवाज आला की मी जिना चढायचा वेग वाढवते, इतकं अजून आहे.

तुमचा विषय काय आहे ते पत्रात नेमकं नाही. लांब चाचण्यांचा असेल तर ऑफरमध्ये दोन मशीन मागा, एक नव्हे. एक चाचणीत अडकलेलं असताना दुसऱ्यावर पेपर निघत राहतो. चिलर, वीज, फाउंडेशनचा खर्च कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पत्रात हवं. लॅब तयार व्हायला उशीर झाला तर टेन्यूरचं घड्याळ पुढे ढकलण्याची तरतूद हवी. सहीनंतर यातलं काहीही मिळत नाही. सहीआधी मागणाऱ्याला कुणी हावरट समजत नाही, इथे ती रीतच आहे.

ग्रीन कार्डाबद्दल एकच गोष्ट लिहिते, पण ती डोक्यात कोरून ठेवा. विद्यापीठातल्या शिकवणाऱ्या पदासाठी कामगार खात्याची जी मंजुरी लागते, तिच्यात एक सवलत असते: ज्या निवडप्रक्रियेतून तुम्ही निवडले गेलात तीच धरता येते, पुन्हा जाहिरात द्यावी लागत नाही. पण निवड झाल्यापासून 18 महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. आमच्या वेळी विद्यापीठाच्या ऑफिसातली बाई बदलली, मग दुसरी रजेवर गेली, मग वकिलाने एक जाहिरातीची मूळ प्रत मागितली जी कुणाला सापडेना. मी दर महिन्याला विचारत होते, दर महिन्याला "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर येत होतं. मुदत उलटली. मग माझ्याच पदाची पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज मागवणं, मी ज्या खुर्चीत बसून शिकवत होते तिच्यासाठी पात्र अमेरिकन उमेदवार नाही हे सिद्ध करणं. या सगळ्यात भारतीयांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेतली माझी तारीख दोन वर्षं मागे गेली. पुढे मी ईबी-1 या नामवंत संशोधकांसाठीच्या वर्गात गेले, त्याला ही मंजुरी लागत नाही, आणि जुनी तारीख तिकडे घेऊन जाता येते. पण जुनी तारीखच उशिराची होती. ती दोन वर्षं वाचली असती तर मुलगा 21 चा व्हायच्या आत आमचा नंबर लागला असता. नाही लागला. 21 पूर्ण झाली की साधारणपणे मूल तुमच्या अर्जातून बाहेर पडतं. नवऱ्याचं आणि माझं कार्ड आलं, त्याचं नाही आलं.

तुमची मुलगी सातवीत आहे म्हणून हे लिहितेय. तुमच्या हातात नऊच्या आसपास वर्षं आहेत, आणि भारतीयांच्या रांगेत नऊ वर्षं सहसा पुरत नाहीत. पहिल्या दिवसापासून विद्यापीठाच्या ऑफिसच्या मागे लागा. शक्य असेल तर स्वतःचा वकील ठेवा, विद्यापीठाचा वकील विद्यापीठाचा असतो. पत्नीला नोकरी करता येणार नाही, तुमची आय-140, म्हणजे विद्यापीठाने ग्रीन कार्डासाठी केलेली याचिका, मंजूर होईपर्यंत तरी नाहीच. बँकेतली नोकरी सोडून येणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ नीट समजावून सांगा, तिच्यासमोर बसून, आकडे मांडून.

शाळा. यावर मी शांतपणे लिहू शकत नाही, तरी प्रयत्न करते. प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म देतात, घरी कोणती भाषा बोलता म्हणून. आम्ही खरं ते लिहिलं, मराठी. त्याबरोबर मुलाची इंग्रजीची चाचणी ठरली. तो इंग्रजी माध्यमात शिकलेला, घरातलं सगळं इंग्रजी वाचून संपवलेला मुलगा. चाचणीच्या दिवशी नव्या देशातला दुसरा आठवडा, तोंडी भागात तो बोललाच नाही. झालं. वर्षभर विज्ञानाच्या तासाला त्याला वर्गातून उठवून इंग्रजीच्या मदतीच्या खोलीत नेत. विज्ञानाच्या तासाला! आम्ही दोघं शाळेत गेलो, समुपदेशक अतिशय गोड हसून म्हणाल्या, त्याच्या भल्यासाठीच आहे. पालकांना ही मदत नाकारण्याचा हक्क असतो. कायद्याने असतो. तो आम्हाला त्या वर्षात कुणीही सांगितला नाही, पुढे दुसऱ्या एका आईकडून कळला.

गणिताचं त्याहून वाईट. इथे आठवीत बीजगणिताचा पहिला कोर्स ज्याला मिळतो तोच सरळ चालीने बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचतो. सातवीतच ती रांग ठरते. भारतातल्या गुणपत्रिकेवर फक्त "गणित" लिहिलेलं, त्यावरून शाळेने त्याला साध्या गटात टाकलं. वर्षभर तो अपूर्णांक करत बसला. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस लागणारा विषय शिकवते आणि माझ्याच मुलाला बीजगणिताची परीक्षा द्यायची संधी मिळावी म्हणून मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रांना उत्तर येत नव्हतं. शेवटी उन्हाळ्यात पैसे भरून तो कोर्स केला आणि तो रांगेत आला. पण त्या वर्षात त्याचं काहीतरी मिटलं. आधी वर्गात हात वर करणारा मुलगा नंतर हात वर करेनासा झाला, आणि हे मला आजही पचलेलं नाही.

तुम्ही असं करा. निघण्याआधी मुलीच्या शाळेकडून गणिताचा धडावार अभ्यासक्रम इंग्रजीत, शिक्क्यासह घ्या. प्रवेशाच्याच दिवशी प्लेसमेंट टेस्ट लेखी मागा. भाषेच्या फॉर्मवर खोटं लिहू नका, पण चाचणी होणार आहे हे मुलीला आधी सांगा, आणि बोलायचं आहे हेही सांगा. पुढे कॉलेजात गेली की आणखी एक दार येईल. एनएसएफच्या पैशावर पदवीच्या मुलांसाठी उन्हाळी संशोधनाचे कार्यक्रम असतात, त्यांना नागरिक किंवा ग्रीन कार्डवालेच चालतात. माझ्या विभागात तो कार्यक्रम मीच चालवायचे. माझ्या मुलाला अर्ज करता येत नव्हता. 21 नंतर तो विद्यार्थी व्हिसावर गेला, शिकला, आणि आज कॅनडात नोकरी करतो. सुखात आहे असं म्हणतो.

एकटेपणाबद्दल विचारलंत. तो असतो, पण त्याला घाबरून निर्णय घेऊ नका. पहिली पाच वर्षं तुम्हाला झोपायला वेळ नसेल. माणसं मिळतात, इथली आणि आपली, आणि विद्यार्थी तर मिळतातच. मला जो एकटेपणा टोचला तो वेगळा होता: चाळीस जणांच्या विभागात फ्रॅक्चरचा माणूस मी एकटीच. फ्रॅक्टोग्राफीचा, म्हणजे तुटलेल्या पृष्ठभागाचा, एक फोटो हातात घेऊन शेजारच्या खोलीत जावं आणि "हे बघ काय आहे" म्हणावं, असं शेजारी कुणी नव्हतं. इथल्याच लीहाय विद्यापीठात एकेकाळी एर्दोगान, सीह, पॅरिस, अर्विन ही आपल्या विषयातली मोठी माणसं होती, त्यातले एर्दोगान तुर्कस्तानातून आलेले, सीह चीनमध्ये जन्मलेले. तिथे परदेशातून आलेल्या माणसाला विषयाचंच घर मिळालं. ऑफर देणाऱ्या विभागात आपल्या विषयाचा दुसरा कोणी आहे का, हे बघा. याला मी पगाराच्या वर ठेवेन.

आता शेवटचं. काही वर्षांपूर्वी मी नागरिकत्वाची शपथ घेतली, बऱ्याच अंशी त्या दारांसाठीच. दारं उघडली. आता मी आत जाऊन भाग बघू शकते. त्यानंतर भारतात गेले तेव्हा एका सरकारी प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याला म्हटलं, तुझं नवं मशीन बघायला येते. तो जरा थांबून म्हणाला, "अगं, आता तुझी परवानगी काढावी लागेल. फॉरेन नॅशनल म्हणून." ओसीआय कार्ड आहे म्हटलं, तर त्याने सांगितलं की संशोधनासाठी त्यालाही 2021 पासून वेगळी परवानगी लागते. तो बरोबर होता. आम्ही बाहेर भेटलो, गप्पा चांगल्या झाल्या. कामाबद्दल तो मोघम बोलला, जसं मला इथे लोक मोघम बोलायचे. मी ते लगेच ओळखलं.

तेव्हा जावं का? तुमचं मन संगणकीय कामात, सिद्धान्तात, पदार्थांच्या मूलभूत यांत्रिकीत असेल तर या. इथे त्यासाठी जेवढं मोकळं आणि हुशार वातावरण मिळतं तेवढं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही, आणि मी ते मनापासून म्हणतेय. तुमचं मन तुटलेल्या भागात असेल, त्याच्या तुटण्याचं कारण शोधून पुढचा भाग वाचवण्यात असेल, तर भारतात राहून ते काम अधिक खोलवर करता येईल असं मला वाटतं, आणि आयआयएससी किंवा एखाद्या आयआयटीत जागा मिळवण्यासाठी आणखी दोन वर्षं थांबणं त्यासाठी वाया जाणार नाही. मी स्वतः या दोन्हींतली कोण आहे, हे मला टेन्यूर मिळाल्यानंतर कळलं.

ऑफर लेटर मला पाठवा. पगाराचा आकडा झाकून पाठवलात तरी चालेल, मला लॅबचा आणि स्टार्टअपचा परिच्छेद बघायचाय. त्यांनी उत्तराची मुदत दिली असेल, ती आणखी दोन आठवडे वाढवून मागा, सहसा देतात. आणि तुमच्या पत्नीला मला फोन करायचा असेल तर जरूर करू दे, नोकरी सोडून येण्याबद्दल माझे यजमान माझ्यापेक्षा जास्त सांगू शकतील.